सहा तारांवर सिनेमाची चाल



लग्नसराईत आपल्या गावातून वरात निघते तेव्हा पुढे चालणारे बँडवाले नेमके काय करतात, याकडे आपण कधी लक्ष दिले आहे काय? मुंबईच्या स्टुडिओत पन्नास-साठ वादकांनी मिळून वाजवलेले गाणे ही आठ-दहा माणसे रस्त्याने चालता चालता वाजवतात. गाणाऱ्याचा गळा क्लॅरोनेटकडे गेलेला असतो. व्हायोलिनच्या ताफ्याचे काम ट्रम्पेट करतो, आणि अलीकडे ढकलगाडीवरचा कॅसिओ. तबला, ढोलक, बोंगो यांच्या वाटणीचे ठोके ढोल-ताशा आपसांत वाटून घेतात. आणि गंमत पाहा, बँडमास्तर पुष्कळदा गाण्याच्या शब्दांपासून सुरुवात करीतच नाही. शब्दांच्या आधी वाद्यांचा जो छोटा तुकडा असतो तो आधी वाजवतो. वरातीतले पोट्टे तेवढ्यावरच गाणे ओळखतात आणि मुखडा यायच्या आत नाचू लागलेले असतात. त्या बँडमास्तरने संगीताची परीक्षा दिलेली नसते. पण गाण्यातले काय घेतले म्हणजे ते ओळखू येते आणि काय सोडले तरी चालते, हे त्याला पक्के ठाऊक असते.

चित्रपटसृष्टीत या विद्येला संगीत संयोजन म्हणतात. शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा करीत. मराठीत अनिल मोहिले यांचे नाव जाणकारांना माहीत आहे. एका चालीचा पन्नास वाद्यांत विस्तार करणे हे त्यांचे काम. बँडमास्तरचे काम याच्या उलट, पन्नासांचे दहांत आणण्याचे. मला आज त्याच्या पुढची पायरी सांगायची आहे. पन्नासांचे एकात, आणि तेही विजेशिवाय वाजणाऱ्या साध्या लाकडी गिटारवर.

हा विषय खेड्यातल्या श्रोत्यांपुढे कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे की गिटार आता खेड्यात येऊन पोचली आहे. मूर्तिजापूरच्या आसपासच्या गावांतून एस.टी.ने कॉलेजात येणाऱ्या मुलांत दरवर्षी दोन-चार जणांच्या खांद्यावर ती काळी पिशवी दिसते. कोणी कापसाच्या हंगामातल्या मजुरीतून घेतलेली असते, कोणाला मोठ्या भावाने पुण्याहून आणून दिलेली असते. ही मुले मोबाईलवर पाहून चार-पाच स्वरमेळ शिकतात, म्हणजे इंग्रजीत ज्यांना कॉर्ड म्हणतात ते, आणि हात खालीवर फिरवून झणझण वाजवतात. शेजारी कोणी गाणारा असला तर ते छान वाटते. गाणारा उठून गेला की नुसती झणझण उरते. एका विद्यार्थ्याने मला हेच विचारले होते, “सर, वाजते तं हाये, पण गानं कोठी गेलं?”

प्रश्न मोठा मार्मिक आहे. साथ वाजत होती, चाल वाजतच नव्हती.

शिक्षक बंधुभगिनींना या प्रश्नाची दुसरी बाजूही परिचयाची असेल. शाळेच्या स्नेहसंमेलनात आज बहुतेक सगळा कार्यक्रम ध्वनिमुद्रित गाण्यावर होतो. पेनड्राइव्ह लावला, स्पीकर मोठा केला, मुले नाचली, झाले. वाजवणारा कोणी लागतच नाही. पुष्कळ शाळांतली पेटी कपाटात बंद आहे, तिच्या भात्याला उंदरांनी केव्हाच भोक पाडले आहे. अशा वेळी एखाद्या मुलाने एकट्याने बसून, गाणाऱ्याशिवाय आणि स्पीकरशिवाय, सिनेमाची ओळखीची चाल अखंड वाजवून दाखवली तर सभामंडपात काय होते, ते मी पाहिले आहे. पहिल्या ओळीला गलका असतो. दुसऱ्या ओळीला मागची माणसे पुढच्यांना गप्प करतात, कारण वाद्य लहान आहे, ऐकायचे तर गप्प बसावे लागते.

आता हे करायचे कसे? आमच्या गावाकडचाच दाखला देतो. मूर्तिजापूर हे हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन. येथे मोठ्या रुळांना शकुंतलेचे अरुंद रूळ येऊन मिळत. एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. आता त्या रुळांवर गाडी धावत नाही. परंतु जेव्हा धावत होती, तेव्हा मोठ्या गाडीचा डबा या रुळांवर चढवता येत नसे. माल उतरवून, निवडून, लहान डब्यांत नव्याने रचावा लागे. गिटारवर गाणे आणणे म्हणजे हीच रचाई आहे. जो सगळाच माल कोंबायला जातो, त्याची गाडी जागची हलत नाही.

लहान डब्यात काय घ्यायचे? सर्वांत आधी चाल. नंतर तिच्या बुडाशी असलेला आधारस्वर. जागा उरली तर मधले भरण. आणि ताल? तो वेगळा घ्यावा लागत नाही. अंगठ्याच्या ठोक्यातच तो येतो. व्हायोलिनचे ताफे, कोरस, बासरीच्या लकेरी हे सारे फलाटावर राहू द्यावे. ऐकणाऱ्याला मूळ गाणे पाठ असते, त्याचा कान ते आपले आपण भरून घेतो. सिनेमाच्या चालीचा हा मोठा फायदा आहे. अनोळखी राग वाजवताना श्रोत्याकडून ही मदत मिळत नाही.

आपल्याकडे गिटारवर सिनेमाच्या चाली पूर्वीही वाजत होत्या. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. हा गृहस्थ आपला मराठी, शास्त्रीय संगीताचा मोठा अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मुकाट्याने काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली तेव्हा ही गाणी घरी परत आली. त्या काळात सिलोनवर आणि मग आपल्याकडेही गाण्यांच्या चाली नुसत्या वाद्यावर वाजवलेल्या तबकड्या लागत. व्हॅन शिप्ले यांची गिटार, पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांचे अ‍ॅकॉर्डियन, कलकत्त्याचे सुनील गांगुली यांची गिटार ही नावे वडीलधाऱ्या श्रोत्यांच्या कानांत अजून असतील.

मात्र त्या तबकड्यांवरची ही गिटार बहुधा निराळी असे. ती हवाईयन पद्धतीची. मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातला पोलादी तुकडा तारांवरून सरकवायचा. त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड घसरत जाता येते, म्हणजेच मींड घेता येते. लताबाईंचा गळा जसा वळतो तशी ती तार वळते. ब्रिजभूषण काबरा यांनी याच पद्धतीने राग वाजवले आणि विश्वमोहन भट्टांनी त्यातून मोहनवीणा काढली, ते उगीच नव्हे. पण ही गिटार बहुतेक एक चालच वाजवी, बाकीची साथ दुसरे वादक करीत. आज मुलांच्या हातात आहे ती उभी धरायची, पडद्यांची गिटार. तिच्यात मींड कमी. पण चाल, आधार आणि भरण ही तिन्ही एकाच वेळी वाजवण्याची सोय आहे. हवाईयनची उणीव ती इथे भरून काढते.

आता थोडे हिशेबाचे. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

गिटारच्या सहा तारा पेटीवर मिळवता येतात. जाड तारेकडून निघालो तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि सर्वांत पातळ तार पुन्हा पांढरी तीन. दोन्ही पांढरी तीनमध्ये दोन सप्तकांचे अंतर. पातळ तार ही मध्य सप्तकातली समजा. वादक लोक पातळ तारेला पहिली म्हणतात आणि जाड तारेला सहावी, तसेच आपणही म्हणू.

आता फक्त सहावी, जाड तार पांढरी तीनवरून पांढरी दोनपर्यंत खाली उतरवा. एवढे केले की गिटारचे रूपच बदलते. पांढरी दोनचा षड्ज धरला तर सहावी, पाचवी, चौथी या तीन तारा झाल्या सा, प, सा. म्हणजे तंबोराच की! अंगठा या तीन तारांवर फिरत राहिला तर आधार आपोआप मिळतो, डाव्या हाताला काहीच करावे लागत नाही. तिसरी तार मोकळी वाजवली तर मध्यम. सिनेमाच्या असंख्य चालींना सा, म आणि प या तीन आधारांवर निभावता येते, आणि ते तिन्ही इथे मोकळ्या तारांवर मिळतात. डावा हात पूर्णपणे चालीसाठी राखून ठेवता येतो.

चाल कोठे वाजवायची? मध्य षड्ज दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर. पहिली तार मोकळी सोडली की रिषभ. मग त्याच तारेवर दुसऱ्या पडद्यावर गंधार, तिसऱ्यावर मध्यम, पाचव्यावर पंचम, सातव्यावर धैवत, नवव्यावर निषाद आणि दहाव्यावर तार षड्ज. कोमल गंधार पहिल्या पडद्यावर, तीव्र मध्यम चौथ्यावर, कोमल धैवत सहाव्यावर, कोमल निषाद आठव्यावर. कोमल रिषभ तेवढा दुसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्यावर. खाली उतरायचे तर मंद्र धैवत म्हणजे दुसरी तार मोकळी, आणि मंद्र पंचम तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर. बस्स. ज्या शिक्षकाला सरगम येते त्याला गिटार हातात न धरताही या नकाशावरून चाल मांडून देता येईल. गाणारा वेगळ्या पट्टीचा असेल तर कॅपो नावाचा चिमटा गिटारच्या मानेवर लावला की पट्टी वर चढते. मांडणी तीच राहते.

खरी अडचण पुढेच आहे. गिटारचा सूर टिकत नाही. तार छेडली की नाद लगेच ओसरू लागतो. १९७५ सालच्या ‘शोले’मधला तो प्रसंग आठवा. रात्रीची वेळ, हवेलीच्या सज्ज्यात एकेक दिवा मालवला जातो आहे आणि खाली अमिताभ बच्चन बाजा वाजवतो आहे. राहुलदेव बर्मन यांनी त्या ठिकाणी सूर फार थोडे दिले आहेत, पण ते लांबच लांब आहेत. पडद्यामागे तो बाजा भानू गुप्ता यांनी वाजवला, आणि ते स्वतः गिटारवादक होते! श्वास आहे तोवर बाजाचा सूर लांबतो. गिटारवर तीच ओळ जशीच्या तशी वाजवली तर सूर, मग शांतता, मग सूर, मग शांतता, अशी तुटक लागते. विहिरीत खडे टाकल्यासारखी.

यावर उपाय आपल्या सतारवाद्यांत आधीपासून आहे. सतारिया रिकाम्या जागेत चिकारी छेडतो. आपणही तेच करायचे. समजा एखादी ओळ पंचमावर येऊन चार मात्रा थांबते. पहिल्या मात्रेला पंचम आणि त्याच क्षणी अंगठ्याने सहाव्या तारेवरचा खर्ज. दुसऱ्या मात्रेला चौथी तार, तिसरीला पाचवी, चौथीला पुन्हा चौथी. पंचमावरचे डाव्या हाताचे बोट मात्र तेथून उचलायचे नाही. असे केले की पंचम ओसरत असला तरी कान त्याला धरून राहतो, कारण खाली हालचाल चालू आहे. आणि हे भरण हळू वाजवायचे. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, चाल रुपयाची तर भरण चार आण्याचे. शिकाऊ मुले नेमके उलटे करतात. अंगठा जोरकस असतो आणि चालीचे बोट लाजते. निम्मा सराव यावरच खर्च होतो असे म्हटले तरी चालेल.

मींडेचे काय? थोडी मिळते. बोट न उचलता एका पडद्यावरून दुसऱ्यावर घसीट घेता येते, सतारीसारखी तार किंचित ओढता येते. परंतु गळ्यातली प्रत्येक हरकत उतरवण्याचा हट्ट धरू नये. ओळीत एक जागा निवडावी, जिथे ऐकणारा वाट पाहत असतो, आणि तेवढीच घसीट मनापासून घ्यावी. बाकीचे सूर सरळ असू द्यावेत. पडद्यांच्या वाद्यावर आपले संगीत नीट येत नाही ही तक्रार जुनी आहे. याच तक्रारीवरून १९४० साली आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली आणि १९७१ पर्यंत ती टिकली. त्या तीस वर्षांत आमच्या वऱ्हाडातल्या एकाही भजनी मंडळाने पेटी सोडली नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पेटीत मींड नाही हे भजनी मंडळांना कळत नव्हते असे थोडेच आहे! ती उणीव गळ्याने भरून निघत होती.

प्रत्येक चाल गिटारवर येते असे मात्र नाही. २०१६ सालच्या ‘सैराट’चेच पाहा. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद उभा केला होता. त्यातल्या संथ प्रेमगीतांच्या चाली एका गिटारवर सुरेख बसतात, कारण वाद्यवृंद काढून घेतला तरी खाली गुणगुणता येईल असे काही उरते. ‘झिंगाट’चे तसे नाही. तिचा जीव ठोक्यात आहे. मुले आग्रह करतात म्हणून ती वाजवावी, गिटारच्या पोटावर थापही मारावी, पण एकट्या गिटारने ती वरात काही निघायची नाही. हे गाणे बँडवाल्यांसाठीच राहू द्यावे. परीक्षा सोपी आहे. चूल पेटवताना किंवा निंदण करताना बाई जी चाल नुसत्या ओठांत गुणगुणू शकते, ती गिटारवर येते.

काही चाली तर जन्मल्याच गिटारवर. १९८०च्या ‘कर्ज’मध्ये नायकाला मागचा जन्म आठवतो तो एका गिटारच्या तुकड्यावरून, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासाठी तो गोरख शर्मा यांनी वाजवला. गिटार हाती आलेला प्रत्येक मुलगा पहिल्या महिन्यात तोच वाजवायला पाहतो. दूरचे उदाहरण फ्रान्सचे आहे. रने क्लेमाँ यांच्या १९५२ सालच्या ‘निषिद्ध खेळ’ या अर्थाच्या नावाच्या चित्रपटात युद्धात सापडलेल्या दोन लहान मुलांची कथा आहे, आणि तिच्यामागे वाद्यवृंद नाही. नार्सिसो येपेस या स्पॅनिश वादकाची एकटी गिटार आहे. त्यातली प्रसिद्ध धून आज जगभरचे विद्यार्थी शिकतात. तिची बांधणी शिक्षकांनी अवश्य पाहावी. पहिल्या तारेवर चालीचा एक सूर, लगोलग दुसरी आणि तिसरी तार, आणि दर आवर्तनाच्या आरंभी जाड तारेवर अंगठा. सुरुवातीच्या ओळीत डाव्या हाताचे एखादेच बोट हलते. इतक्या थोड्या सामानात इतका करुण परिणाम, असे उदाहरण मला तरी दुसरे सापडलेले नाही.

शाळेत हे कसे सुरू करावे, एवढे सांगतो. मुलाला एकदम गिटार घेऊन बसवू नये. आधी त्याच्याकडून चाल गाऊन घ्यावी, शब्दांशिवाय. जिथे तो अडतो तिथे ती त्याला येत नाही, मग बोटांना कोठून येणार? नंतर शिक्षकाने पेटीवर तिची सरगम काढून फळ्यावर लिहावी आणि सरगमच्या खाली, ओळ जिथे जिथे विसावते तिथे, सा, म किंवा प यांपैकी कोणता आधार गोड लागतो ते वर्गाला विचारावे. वर्ग बरोबर सांगतो. आमच्याकडची मुले लहानपणापासून भजनात बसलेली असतात, सिनेमाच्या चालीवर अभंग म्हटलेले असतात, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी एका खंजिरीवर हजारोंचा समुदाय कसा खिळवून ठेवला त्याच्या आठवणी आजोबांकडून ऐकलेल्या असतात. त्यांचा कान तयार असतो, कमी पडतो तो लिहून ठेवण्याचा सराव. फळ्यावर दोन ओळी झाल्या, वर चाल आणि खाली आधार, की संयोजन निम्मे झाले. मग गिटार असलेल्या मुलाने आधी फक्त वरची ओळ वाजवावी. दुसऱ्या दिवशी फक्त खालची, अंगठ्याने. दोन्ही एकत्र करायला एक आठवडा लागला तर घाई करू नये. मुखडा आणि एक अंतरा पुरे. तीन अंतरे शब्दांशिवाय ऐकवत नाहीत. दुसऱ्यांदा मुखडा आला की तो एक सप्तक खाली वाजवून पाहावा. तेवढ्या फरकाने श्रोता पुन्हा सावरून बसतो.

राजेहो, आणखी एक गोष्ट, संगीताची नव्हे, हवामानाची. आपल्या अकोला-अमरावतीकडचा मे महिना लाकडाला सोसत नाही. टिनाच्या छपराखाली खुंटीला टांगलेली गिटार महिनाभरात वाकते, तिच्या घोडीजवळचा सरस सुटतो आणि तारा पडद्यांपासून इतक्या उंच उठतात की मोठ्या माणसालाही दाबवत नाहीत. तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत गिटार वाजवायची नसेल तर सर्व तारा दोन-तीन सूर सैल कराव्यात, ती पिशवीत घालावी, आणि घरातल्या ज्या खोलीत पाण्याचा माठ ठेवतात तिथे, पण माठापासून हातभर दूर, भिंतीच्या सावलीला उभी करून ठेवावी. जून उजाडला की पेटी काढा, पांढरी दोनपासून पुन्हा मिळवायला लागा.